मगरीबनंतर फक्त महिला

माणूस आणि जनावर यांच्यातला खरा फरक वस्त्राचा आहे, असं परिषदेचे अध्यक्ष उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. ज्या वस्त्रांसाठी परिषद भरली होती, त्यांतली बरीचशी अध्यक्षांच्या बंद मुठीत मावली असती.

कुवेतमध्ये, बनेद अल-गार भागातल्या एका हॉटेलात ही परिषद होती. निमंत्रणपत्रिकेवर 'वैवाहिक वस्त्रोद्योग: परंपरा आणि भवितव्य' असं छापलं होतं. म्हणजे नव्या नवरीने, आणि जुन्या नवऱ्यासाठी जुन्या बायकोने, रात्री घालायचे कपडे. पिसांचे, मण्यांचे, बटण दाबलं की लुकलुकणारे. एक तर गाणंही म्हणायचा. असल्या ठिकाणी मी पहिल्यांदाच जात होते आणि थोडं पाप पदरी पडेल अशी माझी माफक अपेक्षा होती.

मी तिथे पोचले ती भाईंमुळे. एगैला भागात आम्ही राहतो त्या इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब राहतं, त्यातले हे भाई. जुन्या बाजारात त्यांचं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान. हा धंदा त्यांनी पंखा बघत केला. गिऱ्हाईक बाई आली की भाईंची नजर छताकडे. मापासाठी त्यांनी डब्यांना रंग दिले होते. बाईने 'निळा' म्हणायचं, भाईंनी निळा डबा बंदच पुढे सरकवायचा. गावी त्यांनी मशिदीला पंखे दिले, त्यांवर 'कापड व्यापारी' असं कोरलेलं आहे.

मॉल आल्यापासून दुकान बसत चाललं होतं. असल्या कपड्यांची एक परदेशी कंपनी कुवेतसाठी एजंट शोधत होती. तिची प्रतिनिधी बाई परिषदेत स्टॉल बघून निवड करणार होती. एजन्सी मिळाली नाही तर दुकान बंद करून गावी, थोरल्या भावाच्या घरात वरची खोली. भाईंच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, त्या खोलीचं वर्णन केलं होतं: "जाऊबाईंच्या किचनच्या डोक्यावर."

"ताई, तुम्ही वाचणाऱ्या बाई," भाई मला म्हणाले होते, "कॅटलॉगचं इंग्रजी तेवढं लिहा. पण सभ्य."

ज्या वस्तूला कापडच नाही तिच्यावर सभ्य परिच्छेद लिहिणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड लेखन होतं. 'हवेशीर'चा इंग्रजी शब्द मी किती वेळा वापरला ते सांगत नाही.

उद्घाटनानंतर परिसंवाद होता: 'आजच्या स्त्रीला काय हवं?' व्यासपीठावर सगळे पुरुष, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. वस्तूचं नाव कोणी घेत नव्हतं. कोणी 'प्रॉडक्ट' म्हणे, कोणी 'कॅटेगरी'. एक गृहस्थ लेसच्या आयात शुल्कावर इतकं बोलले की माझ्या शेजारचे व्यापारी घोरायला लागले. पाप पदरी पडण्याची आशा मी तिथेच सोडली. मला परिषदेकडून एक पिशवी आणि एक पेन मिळालं. पेन उठत नव्हतं.

हॉटेलची एक अट होती. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये पुरुष असतील, तोवर पुतळ्यांच्या अंगावर काही उघडंवाघडं दिसता कामा नये. मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर फक्त महिला. तेव्हा झाकणं काढायची आणि पुरुषांनी बाहेर जायचं. बाकीच्या स्टॉलवाल्यांनी पुतळ्यांवर रेशमी पडदे टाकले. भाईंनी शुवैखच्या गोदामातून पुतळे आणले, पण पडदे विसरले. मग त्यांनी दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला माल काढला: सुती मॅक्स्या. राखाडी, त्यावर तपकिरी फुलं, गळ्यापासून घोट्यापर्यंत. आपल्याकडे बायका ज्या घालून दूध घ्यायला दार उघडतात, त्या. पिसं आणि दिवे लावलेले पुतळे त्या मॅक्स्यांत गुंडाळून उभे राहिले. एखाद्या सोसायटीच्या जिन्यात बायका गप्पा मारत उभ्या असाव्यात, तसे दिसत होते.

"आठवणीने काढा हं," जाताना भाई भाभींना म्हणाले. "ती बाई येईल तेव्हा माल दिसला पाहिजे."

"तुम्हीच का नाही काढत?"

"अस्तगफिरुल्ला, अल्ला माफ करो," म्हणून भाई पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले.

दारं लागली आणि हॉल बदलला. अबाया खांद्यावरून उतरल्या, आवाज चढले. ज्या वस्तूंपुढे दुपारी पुरुष गंभीर चेहऱ्याने हात मागे बांधून उभे होते, त्यांच्यापुढे बायका पोट धरून हसत होत्या.

"ह्यात एसी लागला तर न्यूमोनिया होईल," भाभी म्हणाल्या.

लुकलुकणाऱ्या गाऊनपाशी एक मल्याळी नर्स हिंदीत म्हणाली, "बॅटरी संपली तर?"

"नवऱ्याला चार्जिंगला लावायचं," भाभींनी हिंदीतच उत्तर दिलं. नर्सने ते मैत्रिणींना मल्याळममध्ये सांगितलं, मग हशा दुसऱ्यांदा झाला.

आम्ही पहिल्या पुतळ्याची मॅक्सी काढायला घेतली, तेवढ्यात एका धिप्पाड कुवेती बाईने भाभींचा हात धरला. मॅक्सीचं कापड चिमटीत चोळलं, बाजूच्या शिवणीत हात घातला आणि तिचा चेहरा उजळला. तिने मैत्रिणीला हाक मारली. मैत्रिणीनेही हात घालून बघितला. मग दोघींनी भाव विचारला.

"खालचा बघा ना," भाभी हातवारे करत म्हणाल्या. "पिसांचा."

पिसं बाईने हाताने झटकली.

भाईंचा फोन आला. "काढल्या का?"

"काढतेय. पण त्या नेतायत!"

"काय नेतायत?"

"मॅक्स्या! पिशवीतल्या उरलेल्या कुठायत?"

"अगं, त्या झाकायला आहेत!"

"तुम्ही पंखा बघा," म्हणून भाभींनी फोन ठेवला.

पिशवी गाडीतून मागवावी लागली. वॉचमनने ती दारात दिली आणि ती फोडायच्या आत रांग लागली. घाम फुटलेल्या भाभी शिल्लक राहिलेल्या पुतळ्यांकडे बघायला वळल्या, तर कंपनीची प्रतिनिधी बाई उभी. उंच टाचा, घट्ट सूट, हातात फाइल. स्टॉलवर निम्मे पुतळे अजून मॅक्सीत होते. भाभींनी माझा दंड घट्ट धरला. त्यांना जाऊबाईंचं किचन दिसत असणार.

मी पुढे होऊन कॅटलॉग दिला. बाईने 'हवेशीर'चा परिच्छेद वाचला, पुतळ्याकडे पाहिलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहून गेली.

दुसऱ्या दिवशी समारोप झाला. स्त्रीच्या मनाचं गूढ या परिषदेने उलगडलं, असं अध्यक्ष म्हणाले. एजन्सी मॉलवाल्यांना मिळाली. त्यांचं नाव सन्मानचिन्हावर आधीच कोरलेलं होतं. भाई सगळा समारंभ मान खाली घालून बसले होते.  घरी येताना गाडीत भाभींनीच विषय काढला.

"मुंबईला फोन लावा. मॅक्स्या मागवा. ह्या वेळी गुलाबी पण."

दुकान बंद झालं नाही. वरच्या खोलीत थोरल्या भावाने कांदे ठेवलेत. डबे आता मागच्या फळीवर गेले आहेत आणि भाई गिऱ्हाइकांकडे बघून बोलतात.

मॅक्स्या विकल्या त्याच रात्री, हॉल रिकामा होताना, कंपनीची प्रतिनिधी बाई आमच्या स्टॉलवर पुन्हा आली होती, उंच टाचांचे बूट हातात घेऊन. तिने दोन मॅक्स्या घेतल्या, एक्स्ट्रा लार्ज, कारण त्यांना खिसे होते.