मातीवाल्या बाईवरचा खोटा आरोप

"बाजारातली ती मातीवाली दिसेल त्याच्या माथी मुलतानी माती मारते," असे आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी अख्ख्या परभणीला सांगत फिरतात. हे साफ खोटे आहे. या बोलण्याने तिचे गिऱ्हाईक तुटू लागले, म्हणून मला लिहिणे भाग पडले.

गुरुजी तिच्याकडे कधी गेलेले नाहीत. मी गेलो आहे. ती आधी गिऱ्हाइकाच्या नाकावर पातळ कागद दाबते आणि तो उन्हात धरून पाहते. माझ्यापुढच्या मुलीच्या कागदावर तेलाचा डाग उमटला. "लय त्याल हाय गं बाई, भजी तळतील!" असे म्हणत तिने मातीत कडुनिंबाची पूड मिसळली आणि ती गुलाबपाण्यात कालवायला सांगितली.

नातीच्या लग्नात आपला चेहरा तुकतुकीत दिसावा, असे मला वाटले होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझा कागद मात्र कोराच निघाला.

"काका, तुमची कातडी कोरडी हाय. उन्हाळ्यातल्या रानावाणी भेगा पडतील."

"पडू द्या. दोन पुड्या बांधा."

तिने बांधल्या नाहीत. उलट मला समोरच्या दूधवाल्याकडे साय घ्यायला पाठवले.