कडूबाईच्या हातची माणसं

तेरपासून दोन कोसांवरच्या एका गावात कडूबाई नावाची सुईण होती. नवरा तरणेपणीच गेला, पोटी लेकरू नाही. पण गावातली चाळिशीच्या आतली बहुतेक माणसं तिच्याच हातून जगात आलेली. कोण पायाळू, कुणाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या शेजारी मदारसाब पिंजारी आणि त्याची बायको जैनबी राहत. गावातल्या गाद्यांचा कापूस पिंजावा तो मदारसाबनंच.

अठ्ठेचाळीस साली उन्हाळाभर निजामाच्या रझाकारांनी मुलूख पिळून काढला. कडब्याच्या गंजी जाळल्या, अण्णाराव पाटलाच्या भावाला बाभळीला बांधून मारलं. लोक कड्या लावून मुकाट बसले. मग भाद्रपदात हिंदी फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाची सत्ता कोसळली आणि रझाकार पसार झाले. गावाच्या पोटातला राग तेवढा मागं राहिला. तो काढावा कुणावर?

विहिरीवर कुणीतरी म्हणालं, मदारसाबच्या घरात कापडात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी हाय. ती त्याची कापूस पिंजायची धनुकली होती. पण पारावर पोचेपर्यंत तिची बंदूक झाली, आणि मारुतीच्या देवळापाशी पाच बंदुका. ऊन कलायच्या आत दीड-दोनशे माणूस निघालं. निम्मं आसपासच्या वाड्यांवरचं.

कडूबाई धावत जाऊन मदारसाबच्या दारात उभी राहिली. सगळ्यांत पुढं तिच्याच हातून जन्मलेला बलभीम होता, हातात कुऱ्हाड घेऊन.

"बलभीमा, कुटं निघालास रं?"

"माय, तुमी बाजूला व्हा. गावाचं काम हाय."

"गाव म्हंजी कोण? तू का ह्यो शिवशरण? आन् वीरप्पा, तू काय मागं लपतोस? तुझी आई तीन दिस अडली व्हती, तवा तेरहून वैदाला गाडीत घालून कुणी आणलं? ह्याच मदारसाबनं. जा, इचार घरी."

वीरप्पानं मान खाली घातली. बलभीमची कुऱ्हाड खाली आली. पुढच्या दोन रांगा थांबल्या. पण मागच्यांना ना बाई दिसत होती, ना तिचं बोलणं ऐकू येत होतं. पुढं काहीतरी अडलंय एवढंच त्यांना कळलं.

"काय झालं? गोळी घातली का काय?" एकानं विचारलं.

"घातली! गोळी घातली!" दुसरा ओरडला.

आणि मागून लोंढा आला. कडूबाई उंबऱ्यापाशी कोसळली, तिचं उजवं मनगट तुडवलं गेलं. बलभीम आत ढकलला गेला. बाहेर आला तेव्हा कुऱ्हाड लाल झाली होती. कसं झालं ते आपल्यालाच उमगलं न्हाय, असं तो पुढं सांगायचा. खरंही असेल. मदारसाब मात्र गेला. जैनबी मागल्या दारानं ज्वारीत शिरली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. घरात बंदूक सापडली नाही. कुणी शोधलीच नाही.

महिन्याभरानं एक अंमलदार चौकशीला आला. "बाहेरची माणसं व्हती साहेब, वळखीचं कुणी नव्हतं," अण्णारावांनी सांगितलं. पारावर बसलेल्यांनी माना डोलावल्या. कडूबाई उठली आणि तिनं सोळा नावं घेतली, बापाच्या नावासकट. साहेबानं ती लिहून घेतली. कागद वर गेला तो गेला.

गावानं तिला शिवी दिली नाही, वाळीतही टाकलं नाही. फक्त बोलावणं थांबलं. बाळंतपणाला दुसऱ्या गावची बाई येऊ लागली. बलभीम रोज समोरून जायचा, बायाबापड्या पाणी भरायच्या, सगळं पहिल्यासारखं. ते पहिल्यासारखं असणंच तिला सोसेना. दिवाळीनंतर ती येडशीला बहिणीच्या लेकीकडं निघून गेली.

तिथं एकदा शेजारची बाई अडली. ओरडणं ऐकून कडूबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली.

"मावशी, तुमाला येतं की हे काम," भाची म्हणाली.

"येत व्हतं," कडूबाई म्हणाली.