रजिस्ट्री, तैलरंग, तीन बाय चार फूट

“हे चित्र आत्ताच्या आत्ता खाली घ्या,” असं म्हणत एक माणूस हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला. प्रदर्शनाचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. अंगात कंपनीचा निळा शर्ट. दुपारी वाळूजला ड्युटी म्हणून घालूनच आलेला. मागे त्याची आई. ती बाकावर टेकली. कोण ते मला सांगावं लागलं नाही, कारण दोघंही भिंतीवरच्या चित्रांत होते.

संभाजीनगरात मी गेली वीसेक वर्षं चित्रप्रदर्शनांची मांडणी करतो. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, दिवा कसा पडावा, हे माझं काम. चित्राशेजारी जी छोटी पाटी असते, तिला आम्ही लेबल म्हणतो. तेही मीच करतो. घोळ त्या लेबलात झाला, आणि तो माझा होता.

चित्रकर्ती वंदना मूळची करमाडची. शहरातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते. तिची बारा चित्रं, सगळी घरातल्या माणसांची. कुणी ताटावरून उठून चाललंय, कुणी पाठ करून बसलंय. सर्वांत मोठं चित्र रजिस्ट्री ऑफिसचं. आमच्याकडे वडील गेले की बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडतात. मग भाऊ बहिणीला साडी घेतो आणि तिचं माहेर शाबूत राहतं. चित्रात वंदना मशीनवर अंगठा टेकवतेय. मांडीवर पिशवीतली नवी साडी. भाऊ कागदांवर वाकलेला. आई शेजारीच, पण तोंड खिडकीकडे. तिचा नुसता अंबाडा दिसतो.

लेबलसाठी वंदनानं तीनच गोष्टी लिहून दिल्या होत्या. रजिस्ट्री, तैलरंग, तीन बाय चार फूट. मला ते फार कोरडं वाटलं. बघणारे हमखास विचारतात, हे खरं का? म्हणून मी तिला न विचारता खाली एक ओळ घातली, ‘चित्रकर्तीच्या स्वतःच्या घरातला प्रसंग’. उद्घाटनाला ती वाचून वंदनाचा चेहराच उतरला.

“सर, ही ओळ काढता येईल का?”

“आता छापून झालंय. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी करमाडच्या कुणीतरी चित्राचा आणि लेबलचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी वंदनाचा भाऊ गजानन हजर. वंदनाही हॉलमध्येच होती.

“साहेब, मी जबरदस्ती केली व्हय हिला? राजीखुशीनं दिलं तिनं. आज टपरीवर लोक माझ्याकडं बघून हसायलेत.”

“ती ओळ माझी आहे. वंदनाताईंनी दिली नव्हती. आत्ता काढतो.”

“काढून काय व्हतंय? गावानं वाचली.” मग तो बहिणीकडे वळला. “वंदे, चित्र खाली नाय आलं तर येणंजाणं बंद. भाऊबीजेला दारात येऊ नको.”

ज्या माहेरासाठी वंदनानं अंगठा दिला, तेच माझ्या एका ओळीनं जायला निघालं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात आई उठली आणि चित्राजवळ गेली.

“ही मी का?”

“व्हय, माय,” वंदना म्हणाली.

“माझं तोंड का फिरवलंस?”

“तुला कुणी काही बोलू नाही म्हणून.”

“मी कुठं खिडकीकडं बघत होते? तुझ्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उठंना. मग मीच पदरानं पुसला अन् धरून टेकवला. इसरलीस?”

“नाही, माय.”

“मग तसं काढ. खोटं कशाला?”

“माय, चल,” गजानन म्हणाला.

“तू जा ड्युटीला. मी बसते.”

तो गेला. म्हातारी चपला काढून बाकावर ताठ बसली. वंदना घरून रंग घेऊन आली. हॉलमध्ये रंगकाम करायचं नाही असा आमचा नियम आहे. टर्पेंटाइनचा वास बसतो, फरशीला डाग पडतात. मी प्लास्टिक अंथरलं, दोरी बांधली आणि जुनं लेबल उचकटून टाकलं. दुपारी हॉल चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला.

“हॉलमध्ये पेंटिंग चालू आहे म्हणे? परवानगी कुणी दिली?”

“मी दिली सर. लेखी हवं असेल तर देतो.”

दुसऱ्या दिवशी आई करमाडहून एसटीनं एकटी आली आणि पुन्हा बसली. अंबाड्याच्या जागी चेहरा आला. पदराचं टोक मुलीच्या अंगठ्यापाशी आलं. वंदनानं आईला कुठंही सांभाळून घेतलं नाही. काम संपल्यावर आई जवळ जाऊन म्हणाली, “आता मी दिसायले.” मी शेजारी कागद लावला, ‘रंग ओला आहे, हात लावू नये’.

शेवटच्या दिवशी सकाळी गजानन आला. तोच निळा शर्ट. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

“मला हे दिसलंच नव्हतं,” तो म्हणाला. “मी कागदच बघत होतो.”

“उतरवू का?”

“संध्याकाळी उतरणारच हाय ना. राहू द्या.”

सातबारा होता तसाच आहे. त्या भाऊबीजेला वंदनाला बोलावणं आलं नाही. आईच तिच्याकडे आली. तिला मोटारसायकलवरून सोडायला गजानन आला होता, पण तो गेटवरूनच परत गेला.

माझ्या बहिणीनंही आमच्या पाचोडच्या जमिनीवरचा हक्क सोडलेला आहे. तेव्हा मी तिथंच, तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तिचा अंगठा लगेच उठला की कुणी धरला, मला आठवत नाही.

लेबलवर आता मी चित्राचं नाव, माध्यम आणि माप एवढंच लिहितो.