दर्भाचा कावळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. पण एक आधीच बजावतो : मी मान खाली घालून सांगणार नाही. ती माझी सवय नव्हे.

सावंतवाडीत मी तत्त्वज्ञान शिकवलं. आणि आत्म्यावरची माझी व्याख्यानं — हो, स्वतःच सांगतो, उगाच विनय कशाला? — तशी या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी दिली नाहीत. कुडाळपासून मालवणपर्यंत लोक उभं राहून ऐकायचे. देह जळला की सगळं संपलं म्हणणारा चार्वाक मी असा रंगवायचो की पुढच्या रांगेतले म्हातारे चुळबुळ करायचे. मग मुंगीत मुंगीएवढा आणि हत्तीत हत्तीएवढा होणारा जैनांचा जीव. मग आत्मा असा नसतोच, एका पणतीवरून दुसरी पेटावी तसं सगळं पुढे जातं, असं म्हणणारे बौद्ध. ग्रीक, ख्रिस्ती, वेदान्त — कुणालाही झुकतं माप नाही.

इस्लाममधल्या रूह या कल्पनेवर बोललो, त्या दिवशी शेवटच्या रांगेत इब्राहिम बसला होता. बाजारात त्याचं छत्र्यांचं दुकान. संपल्यावर पुढे येऊन म्हणाला, "सर, आमच्यातसुद्धा इतकं नीट कोणी सांगत नाही." मी आभार मानले, अगदी आदराने. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, हे आजूबाजूच्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता कुठे जवळ आलो. सांगतो.

अक्का आमच्यात थोरली. तिने इब्राहिमशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी तिच्या नावाने आंघोळ केली. पुढे वडील गेले, घरातला शब्द माझा झाला, पण दार बंदच राहिलं. का? माझा तिच्यावर राग नव्हता. वालावलला, आमच्या गावी, घराला मान आहे, देवळात आमचा नारळ पहिला — ते माझ्या हातून जायला नको होतं. एवढंच? हो, एवढंच.

धाकटा वासू गावात राहून कलमं आणि माड बघायचा, आईला सांभाळायचा. तो अक्काकडे राजरोस जायचा, इब्राहिमला भावोजी म्हणायचा. दरवर्षी गणपती जवळ आले की अक्काला घरी आणायचं, हे त्याचं एकच पालुपद : "दादा, औंदा चवतीक अक्काक हाडूया. आवशीचो जीव तिच्यात अडाकलो आसा." मी म्हणायचो, बघू. आई आतून ऐकत असायची. तिने स्वतः कधी शब्द काढला नाही.

दोन हजार तीनच्या थंडीत वासू तापाने गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळे होते, समोरच्या आंब्यावरच बसले होते, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा — ही रीत तुम्हाला माहीतच आहे. काकांनी कलमांकडे बघण्याचा शब्द दिला. वासूच्या बायकोने, सुमनने, मुलाला शिकवीन म्हणून हात जोडले. कावळे जागचे हलले नाहीत. आणि तिकडे माडांच्या पलीकडे, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये अशा बेताने, अक्का आणि इब्राहिम उभे होते.

सुमन माझ्याकडे वळली. "दादानू, आता तुमीच बोला. तुमका ठावक आसा."

सगळ्यांनाच ठाऊक होतं. अक्काला घरात घेईन — एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? व्याख्यान दिलं. आत्म्याला भूक नसते, इच्छा नसते, तो पक्ष्याच्या चोचीवर अवलंबून नसतो — शांत, स्वच्छ आवाजात. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे. माडांपलीकडचे दोघे कधी निघून गेले, ते मी पाहिलं नाही.

या गोष्टीने माझं नाव आणखी मोठं झालं. सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही ज्यांनी विचार सोडला नाही ते सर — अशी माझी ओळख करून देऊ लागले. मी ऐकून घ्यायचो. ऐकताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ती कोरड्या पाषाणाची म्हण तुमच्या ओठांवर आली असेल. ठेवा तिथेच. माझं त्याहून वाईट आहे. मी तो शब्द दिला नाही, तो विश्वास नव्हता म्हणून नव्हे. त्या घटकेला — कसं सांगू? — चार्वाकासकट माझी सगळी मतं गळून पडली होती. वासू तिथे आंब्यावरच आहे, अशी माझी खात्री झाली होती. मी बोललो की तो उतरणार. आणि सगळ्या गावादेखत उतरला, की मला अक्काला घरी आणावं लागणार. म्हणून शब्द दिला नाही. तो नाही असं समजून नव्हे — तो आहे हे कळूनच मी माझ्या भावाला उपाशी परत पाठवलं.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. गणपती येत गेले. अक्काचा विषय निघाला नाही, काढणारा उरला नव्हता. मग आईही गेली.

तिच्या दहाव्याला मी ठरवून गेलो होतो. या वेळी बोलायचं, मोठ्याने, गावासमोर. वाक्यही तयार होतं — वाक्यं मला चांगली जमतात. पिंड ठेवले, मी मागे सरलो, घसा खाकरला, आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर.

"पुण्यवान बाई," काका म्हणाले. "काय एक मागणा रवाक नाय तिचा."

खरं होतं. माझ्याकडे काही मागायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या दिवशी माडांपलीकडे कुणी उभं नव्हतं. अक्का आजही सावंतवाडीतच राहते, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते वाक्य अजून मला पाठ आहे. मी गेलेलो नाही.