कुलुपांची कारभारीण

आमच्या कारभारणीइतकी घरं आटपाडी तालुक्यात दुसऱ्या कुठल्या बाईनं सांभाळली नसतील, आणि त्यातलं एकच तिचं स्वतःचं होतं. आम्ही जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे दुसऱ्याच्या बंगल्यात, दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून आपल्या साखरेचा चहा पिणं. आलं जास्त झालं होतं. मी तसं म्हणालो. "बशीत वता अन् गप प्या," ती म्हणाली. कप विसळले, कुलूप लावलं, घरी आलो. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. तालुक्याहून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं सांगितलं की लोक तोंड पाडून बसतात. तिला तसली तोंडं बघवत नसत, म्हणून तिचं बाकीचं सांगतो.

आमच्याकडं पाऊस कधी धड पडलाच नाही. माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पांगली. कुणी केरळात, कुणी आसामात, आमचा पोरगा कोइमतूरला. पैसा आला तसे गावात दोन मजली बंगले उठले. राहायला मात्र पाली. आता कॅनॉलचं पाणी आलं, डाळिंबं लागली, तरी गेलेली माणसं काही परत आली नाहीत. मालक जत्रेला येतात, बकरं खातात आणि जाताना किल्ली आमच्या हिच्याकडं देतात. कमरेचा जुडगा एवढा जड, की लुगडं एका अंगाला ओढलं जायचं. ती गल्लीत शिरली की कुत्री उठून शेपूट हलवायची.

नुसती किल्ली ठेवून गप बसेल तर ती आमची कारभारीण कसली! तिचं म्हणणं, चूल पेटली नाही की घर रुसतं. म्हणून रोज एका बंगल्यात जाऊन गॅस पेटवायचा, चहा करायचा आणि तो संपवायला मला न्यायचं. एकदा एका घरातली गॅसची टाकी संपली, तर आमची टाकी गडगडत तिकडं नेली. मी ढकलतोय, ती पुढं. घरी महिनाभर आम्ही लाकडं फुंकली.

नळाला पाणी आठवड्यातनं एकदा. त्या दिवशी ही पळत सुटायची, घरोघरचे नळ सोडायची आणि बादल्या संडासात ओतायची. मी ओरडलो, "अगं, आपल्या पिंपात थेंब न्हाई अन् तू लोकांच्या संडासाला पाजतीस?"

"त्याला बी तहान लागती की! वास सुटला तर आलेली सून दारातनंच माघारी फिरंल. मग तुमी आणणार हाय का समजूत घालून?"

कोचीनच्या एकानं बंगल्यात बोलता कॅमेरा बसवला आणि सांगायचं विसरला. आम्ही चहा पितोय तोवर भिंतीतनं आवाज आला, "काकी, सोफ्यावर कोण हाय त्यो?" माझी बशी लवंडली. हिनं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला सांगितलं, "आरं, आमचं मालक हायत. पाय पुसून बसल्यात."

तिथून तिला खूळ लागलं. रोज कॅमेऱ्यापुढं उभी राहून ती गावाची हालहवाल सांगायची. लाईट राती देत्यात, एसटी पुन्हा बंद झाली, शाळेत पोरांपरीस खोल्या जास्त, दवाखान्यातली नर्सबाई लय गुणाची पण औषधच न्हाई, तुझ्या चुलतीचा गुडघा गेला. हे ऐकायला तिकडं म्हणे दुकानात गर्दी व्हायची. मग आसामवाल्यानंही कॅमेरा लावला. तिची तक्रार एकच, "आता येकच गोष्ट दोनदा सांगावी लागती."

आमचा पोरगा आम्हाला न्यायला दरवर्षी टपलेला. ती त्याला एवढंच विचारायची, "जाऊ की रं. पर आपल्या घराची किल्ली मी कुणापाशी द्यू?" मग तो एकटाच माघारी जायचा. घर उघडं राहावं, एवढीच तिची धडपड होती.

तिच्या दिवसांना सगळे आले. आसाम आलं, कोचीन आलं. जत्रा नसताना गावात प्रत्येक खिडकीत दिवा लागला, आणि बघायला तीच नव्हती. मग एकेक गाडी निघाली. पोरानं आटपाडीवरनं आमच्या दाराला नवं कुलूप आणलं, माझी पिशवी भरली. म्हणाला, "आबा, उद्या सकाळी निघू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बादलीत शेण कालवलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा अंगणात सडा टाकला. शेजारची भावजय कुंपणावरनं म्हणाली, "आवं भावजी, सडा हाय का पूर?"

"शिकतूय," म्हटलं.

पोरगा पिशवी आणि कुलूप घेऊन उंबऱ्यात आला, खाली बघत राहिला. मी म्हटलं, "तू हो पुढं, मी न्हाई येत. आन् कडंकडंनं जा रं, सडा वला हाय."