परतायची जागा

आपल्या माणसाला ‘माघारी फिर’ म्हणायची हिंमत तुमच्यात आहे?

बंगालमधल्या बेहाल्याच्या फ्लाइंग क्लबात ताई नकाशा पसरून बसली होती. छोटं विमान, नजरेनं आधी नदी, मग समुद्रकिनारा धरत दिघ्या गावापर्यंत जायचं. ती चालवणार, मी शेजारी. बाहेर धुरकं होतं. ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसलेल्या एका म्हाताऱ्या बंगाली वैमानिकानं ती पेन्सिल माझ्याच हातात दिली.

“परतायची जागा तू ठरव, मा.” इथे मुलींना असंच म्हणतात.

“मी? विमान तर ती चालवणार!”

“म्हणूनच. वर गेल्यावर तिला परतायची लाज वाटेल.”

नदी समुद्राला मिळते तिथे मी फुली मारली: पुढचा किनारा दिसला नाही, तर इथून माघारी. तिथे पोचलो तेव्हा पुढे किनारा दिसतच नव्हता. मी ओरडले, “फिर!” ताईनं विमान वळवलं.

धाडसाची भाषणं पुरेत. तुमचं माणूस धोक्याच्या वाटेनं निघणार असेल, तर त्यानं कुठून परतायचं ते आजच त्याच्यासमोर बसून ठरवा.