माझ्या आधी मुलाखत देऊन गेलेली मी

मी वनस्पतीशास्त्रात पीएचडी केलेली बाई. नजर, उतारा, बाहेरची बाधा... यावरून सासूबाईंशी कायम वाद घालणारी. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉकची जागा निघाली. एकच. संत्र्याच्या डिंक्या रोगावरचा प्रोजेक्ट, म्हणजे अगदी माझा विषय! पीएचडी झाल्यापासून मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. जाहिरातीतल्या वयाच्या अटीत यंदा बसत होते, पुढच्या वर्षी बसणार नव्हते.

महिनाभर आधी चौकशीला गेले, तेव्हा लॅबमध्ये एक नवं टेबल दिसलं. त्यावर विभागप्रमुखांच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या नावाची पाटी. अर्जाची मुदतसुद्धा संपली नव्हती तेव्हा! मी हे कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. म्हटलं, तोंड उघडून नुकसान आपलंच.

मुलाखत अकराची. कामठीहून शेअर ऑटोनं निघाले, पावणेअकराला पोचले. दाराबाहेर बसलेल्या क्लार्कला कॉल लेटर दाखवलं.

"काहून मजाक करून राहिल्या मॅडम? तुमचा तर झाला ना इंटरव्ह्यू!"

"माझा? भाऊ, मी आत्ता येऊन राहिली..."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझं नाव. वेळ दहा वीस. आणि माझी सही — शेवटी मी ओढते तो वाकडा फराटासुद्धा तसाच. दहा वीसला मी ऑटोत बसून नवऱ्याशी फोनवर बोलत होते.

तरी आत गेले.

विभागप्रमुखच अध्यक्ष होते. त्यांनी मान वर केली. "मघाशी बोललात ते कमी पडलं का?"

"सर... मी काय बोलले?"

"वा! पाटी आधी लागते आणि मुलाखती नंतर होतात, मग आम्हाला काय तमाशा बघायला बोलावता — हे कोण बोललं?"

शब्द माझेच होते. महिनाभर भांडी घासताना मनातल्या मनात घोळवलेले, एकदाही तोंडाबाहेर न पडलेले.

ती मी नव्हते, असं सांगायला हवं होतं. नाहीतर म्हणायचं होतं — हो, मीच, आणि खरं तेच बोलले. यातलं काहीच जमलं नाही.

"सॉरी सर, टेन्शनमध्ये बोलून गेले."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लेखी माफी दिली. मग विचारलं, "सर, आता माझा इंटरव्ह्यू...?"

"झाला तो."

कॉरिडॉरमध्ये पॅनलवरच्या बाहेरगावच्या बाई मागून आल्या. हळूच म्हणाल्या, "मघाशी तुम्ही बोललात ना, फार बरं वाटलं. आमच्यातल्या कोणाला ते जमलं नसतं." मग जाता जाता वळल्या. "पण मग परत कशाला आलात?"

जागा त्याच मुलाला मिळाली. त्या मजल्यावर कॅमेरा नाही. मला बहीणही नाही. दहा वीसला त्या खुर्चीत कोण बसलं होतं, मला आजही सांगता येत नाही... आणि खरं सांगू? तिची भीती वाटत नाही. मात्र तिच्या वतीनं मागितलेली माफी त्यांच्या फाईलमध्ये आहे, आणि ती कोणी लिहिली याबद्दल मला काडीची शंका नाही.